ग्रासी पार्कच्या कुंडीवरील मोहिमेची हकीकत

लिहिणार लिहितो, वाचणाराने मान डोलवावी अगर न डोलवावी, परंतु मध्येच उठोन जाऊ नये. वर्तमान ऐसे जे, केप टाउन शहरी, ग्रासी पार्क मुलखी, राजश्री नेव्हिल अरेन्डसे, पेन्शनदार बसचालक, याणी थोरले न्यायसभेचा निवाडा ऐकिला की, आपले आवारी आपले सेवनापुरते गांजाचे झाड लाविल्यास कोणी मुजाहीम होऊ नये. तेव्हा गुडघियाचे दुखणे आणि सांजेची करमणूक ऐशा दोन सबबी पुढे करून रोप पैदा केले, आणि परसातील सर्वांत थोर कुंडीत जो निळ्या झुबक्यांचा नाताळगुलाब, ज्यास हायड्रेंजिया म्हणती, नांदत होता त्यास कुंपणापाशी जमिनीत रवाना करून रोपास गादीवर बसविले. गुलाब सौभाग्यवती बेरिलबाईंचे माहेरचा. येथेच वैराचे बीज पडले.

पुढे रोप जोमाने वाढले, आणि मग एकाएकी खालची पाने पिवळी पडली, आणि वरची शिकस्त खाल्ल्या फौजेसारखी लोंबली. नेव्हिलराव घाबरे जाहले. शेजारचे रिदवानभाई, कोंबड्यांचे सरदार, मसलतीस आले आणि चष्मा कपाळी चढवून पाहते जाहले.

"उपाशी मारतोयस की याला. माझ्या कोंबड्यांचं खत घाल, बघ कसा ताठ होतो."

मग कोंबडीखताची रसद पोटभर पोहोचली, आणि पानांची टोके विडी टेकविल्यागत करपली. नेव्हिलरावांस वाटले उन्हाचा मारा. म्हणोन सकाळचे तांब्याभर पाणी होते ते दोन तांबे केले. पाने अधिकच फुगोन लोंबली.

सोमवारी बाईसाहेबांचा स्वयंपाकघराचे खिडकीतून हुकूम सुटला की, रविवारी चर्चहून परतू तेव्हा झाडाने मान वर केली नसल्यास ते कचऱ्याचे गाडीत जावे, आणि गुलाबाची कुंडीवर पूर्ववत स्थापना व्हावी. नेव्हिलरावांनी मुदत वाढवोन मागितली.

"माझ्या गुलाबाला तू तासाची तरी मुदत दिलीस का रे?"

नेव्हिलराव तांब्या भरावयास गेले.

मंगळवारी झाड सावलीत न्यावे ऐसी मसलत ठरोन दोघे सरदार कुंडीस भिडले. कुंडी हालेना.

"यात माती भरलीस की शिसं?" रिदवानभाई कण्हले.

मग जोर करून कलती केली, तो तळाचे बशीतून पाण्याचा लोंढा निघोन रिदवानभाईंच्या चपलांवर चालोन आला, आणि परसात लॅव्हेंडरचा दरवळ सुटला. भाईंनी हुंगिले.

"नेव्हिल, तुझ्या झाडाने केस धुतलेत."

येथे जाणावे की, दुष्काळाचे साली या शहरी लोक शॉवरखाली बादली ठेवोन नाहत, आणि ते पाणी झाडांस घालीत. पुढे धरणे भरोन वाहिली, परंतु अरेन्डसे यांचे घरी बादलीस पेन्शन मिळाली नाही. बाईसाहेब नित्य ती बादली गुलाबाचे कुंडीत रिकामी करीत. गुलाब जागचा हलला, हाताची सवय हलली नाही. ऐसे झाडास नवऱ्याचे तांबे आणि बायकोचे साबणपाणी, दुहेरी वेढा पडला होता. पिवळेपण भुकेचे नसोन बुडत्या मुळांचे होते. साबणाने खाणे अंगी लागेना, आणि वर खताचा चटका.

बाईसाहेबांस पाचारण जाहले. त्यांणी बशीत बोट बुडवोन हुंगिले.

"अगं बाई. माझ्या ध्यानातच नाही. हात आपोआप जातो." मग कुंपणाकडे पाहोन, "म्हणजे माझ्या गुलाबाला इतके दिवस पाणी कोण घालतंय?"

कोणीच घालीत नव्हते. गुलाब वाळोन कडबा होण्याचे बेतात होता. नेव्हिलरावांनी टोपी काढली.

मग तह जाहला. बादली गुलाबाची. झाडाचे खत वरून खरवडावे, बशी हद्दपार करावी, कुंडी विटांवर चढवावी, आणि बोट मातीत खुपसोन कोरडे न निघे आणि कुंडी उचलता हलकी न लागे तोवर थेंब घालू नये. मग घालावे ते साधे पाणी. नेव्हिलरावांस न घालणे हेच महाकठीण. तांब्या हाती घेऊन परसात येत आणि स्वतःच पिऊन परत जात.

रविवारी बाईसाहेब चर्चहून टोपी न काढिता थेट परसात आल्या. रिदवानभाई पाकातले गरम कोसिस्टर वडे घेऊन साक्षीस हजर. झाडाची मान वर होती, शेंड्यास हिरवी कोवळी पाने होती. करपली टोके मात्र जखमी शिपायांचे व्रणांप्रमाणे तैशीच राहिली.

"राहू दे त्याला," बाईसाहेब बोलिल्या, आणि कोसिस्टर उचलिला. "पण पहाऱ्याला तू बसायचं. माझ्या हाताची मी हमी देत नाही."

तेव्हापासोन नेव्हिलराव नित्य सकाळी खुर्ची टाकोन कुंडीपुढे चहा पितात. बाईसाहेब बादली घेऊन अर्धनिद्रेत येतात, त्यांचे गुडघ्यांवर आदळतात, आणि कुंपणाकडे वळतात. ऐसी फत्ते जाहली. झाड कुंडीत, गुलाब जमिनीत, बादली न्हाणीत आपापले ठाणी कायम; गुडघे मात्र नित्य भिजतात, आणि त्यांचे दुखणे आता नुसती सबब न राहता खरे जाहले. नोंद केली असे.