दोन दिवे आणि आवक-जावक विभाग

बायकोला नवी नोकरी लागली. पहिली पाळी सोमवारी पहाटे पाचची, तीस किलोमीटरवर, आणि तिच्या गाडीचे दिवे काजव्यालाही लाज वाटेल असे मिणमिणते. म्हणून रविवारी सकाळी मी ठरवलं, एलईडी बल्ब आपणच बसवायचे. (मेकॅनिकला विचारावं, हा विचार शहाण्या माणसाला सुचतो.)

मी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे. बावीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवलेला नाही. जुने कनेक्टर उष्णतेने करपले होते, ते मी कापून टाकले आणि वायरी हरवू नयेत म्हणून प्रत्येकीला चिठ्ठी लावली: आवक किंवा जावक. मग नियम केला, एलईडीची लाल वायर जावकला. डावा दिवा लखलखला. उजवा ढिम्म.

"फ्यूज गेला असेल," मी म्हणालो.

"मग मी उद्या डाव्या बाजूने जाऊ का?" बायको म्हणाली.

तेवढ्यात सासूबाई आल्या. चार दिवस राहायला आल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी कारखान्यात विजेच्या मोटारी गुंडाळल्या, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे घातले. हे मला माहीत होतं, पण त्यांना विणकाम येतं हे माहीत असावं तसं. त्यांनी आधी बॅटरीची वायर सोडवली (मी सोडवली नव्हती), मग चष्मा लावून माझ्या चिठ्ठ्या वाचल्या.

"जावईबापू, डावीकडे लिहिताना कुठे बसला होतात?"

"बॅटरीपाशी."

"आणि उजवीकडे?"

"दिव्यापाशी. तिकडे सावली होती."

"म्हणजे बॅटरीतून निघणारी वायर डावीकडे जावक झाली आणि उजवीकडे दिव्यात शिरणारी म्हणून आवक. जुन्या बल्बला दोन्ही सारखंच. एलईडीला उलटी वीज चालत नाही."

बावीस वर्षांचा अनुभव, पण कुठे बसून नोंद केली हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी उजवीकडच्या वायरी बदलल्या, जोड असे पिळले की बघत राहावं, बॅटरी जोडली आणि दोन्ही दिवे लागले. लगेच फडफडूही लागले, आणि स्टिअरिंगसमोरच्या डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण उमटली.

"आता हे काय?" बायकोचा आवाज रडवेला झाला.

"दिवा शाबूत आहे का, हे गाडी स्वतःच तपासत असते. हा दिवा इतकी कमी वीज खातो, की तिला वाटतं दिवाच नाही. बल्बच्या खोक्यात जास्तीची वीज खाणारे रेझिस्टर होते का?"

होते. जादा सामान म्हणून मी ते व्यवस्थित फाईल केले होते. सासूबाईंनी बॅटरी पुन्हा सोडवून ते दोन्ही दिव्यांच्या वायरींना जोडले. निदान चिकटपट्टी तरी लावू म्हणून मी एक रेझिस्टर बंपरच्या प्लास्टिकला लावायला गेलो, तर त्यांनी हलकेच माझा हात बाजूला केला. "हे तव्यासारखं तापतं. लोखंडाला लावायचं, वायरीपासून लांब." बॅटरी जोडली. खूण गेली, फडफड थांबली. मला खरोखर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्याही.

"पण आई, समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश गेला तर?" बायकोने विचारलं.

"त्यासाठी समोर माणूस लागेल," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच माझी गरज पडली होती. मी ऐटीत गॅरेजच्या भिंतीशी उभा राहिलो.

"असे नाही. समोरचा ड्रायव्हर बसलेला असतो."

मी अर्धा बसलो. त्या दिव्यांचा झोत खाली करायचे स्क्रू फिरवत राहिल्या. "अजून डोळ्यांवर येतो का?" "येतो." "मग तसेच राहा." असा पाऊण तास गेला.

सोमवारी बायको घरी आली ती हसतच. रस्ता लख्ख दिसला, आणि समोरून एकानेही दिवे मारून तक्रार केली नाही. येत्या रविवारी तिच्या दोन मैत्रिणी गाड्या घेऊन येणार आहेत. सासूबाईंनी मुक्काम वाढवलाय. मला मात्र त्यांनी रजा दिली, कारण ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीला मी तसाही थोडा कमी पडतो, आणि माझ्या जागी शेजारच्यांचं उंच स्टूल अगदी बरोबर बसतं.