तांब्यावरचा थर

"तांब्यावर कसली काजळी धरली होती रे! काढली बघ सगळी," म्हणत आईनं तांब्याची पट्टी उजेडात धरली. ती आरशासारखी लखलखत होती. तिच्या इंजिनिअर मुलानं ती हातातून ओढून घेतली.

अठरा वर्षं त्यानं कोळशाच्या बॉयलरपुढं अंग भाजून घेतलं होतं. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मालकानं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि वर अक्कलही शिकवली, "आता बॅटरीचं युग आहे. शिका काहीतरी." मालक स्वतः फक्त कारखाने विकायला शिकला होता. तरी इंजिनिअर बेचाळिसाव्या वर्षी पुस्तकं घेऊन बसला, ग्राफाइट कालवलं, बॅटरीत असतो तसा तांब्याच्या पातळ पट्टीवर त्याचा थर दिला. तो नमुना घेऊन आज अकराला बॅटरीच्या कारखान्यात मुलाखत होती. नऊ वाजले होते. नवा थर वाळायला दोन दिवस लागत.

"आई, ती माझी नोकरी होती!"

"मग ओट्यावर कशाला ठेवलीस? ओट्यावरचं काळं मी ठेवत नाही."

तो कोरी पट्टी घेऊनच गेला. समोर तिघं जण.

"थर कुठाय?"

"आईनं धुतला."

दोघं खो खो हसले. नोकरी कधी गेली नसली की माणूस असंच हसतो. तिसऱ्या बाई मात्र जुन्या बॅटऱ्या उघडून त्यातलं तांबं परत काढायच्या विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी पट्टीला भिंग लावलं.

"एक ओरखडा नाही! आमचं यंत्र तांब्याची पार चाळण करतं हो. कशानं काढला? लावा फोन आईंना."

"सांगेन की," आई फोनवर म्हणाली. "आधी पोराला कामावर घ्या. कागद हातात पडला की सांगते."

"आई!"

"तू गप्प बस. तू बोलतोस म्हणून घड्याळं मिळतात."

बाईंनी तिथंच पत्र टाइप करायला सांगितलं. सोमवारपासून हजर व्हायचं, पहिल्याच दिवशी सगळ्यांपुढं थर काढून दाखवायचा.

इंजिनिअर उड्या मारतच घरी आला. "आई, सांग आता. कशानं काढलास?"

आईनं आधी पत्र नीट वाचलं, घडी घालून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं.

"कशानं म्हणजे? नळाखाली धरली, सगळं वाहून गेलं. तुझा थर धरलाच नव्हता, बाळा. आता हे काय तीन-तीन साहेबांपुढं सांगू?"