रंगरावांसाठी गार गादी

गादीतलं मला जेवढं कळतं तेवढं कासारवाडीपासून निगडीपर्यंत कुणाला कळत नाही, असं मी सत्तावन्न सालच्या एप्रिलपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. आणि का सांगू नये? मी पिंपरीच्या औषधाच्या कंपनीत फिटर. महिन्यातून दहा दिवस रात्रपाळी, म्हणजे झोपायचं दिवसा, तेही पत्र्याच्या खोलीत. ज्यानं पत्र्याखाली एप्रिलातली दुपार झोपून काढली, त्याला गाद्यांचं शास्त्र कुणी शिकवायला नको!

कापसाची गादी दिवसभराची ऊब पोटात साठवते आणि आपण आडवे झालो की ती व्याजासकट पाठीला परत करते. सावरीची मऊ लागते खरी, पण अंग आत बुडतं आणि बुडालेल्या अंगाला वारा लागत नाही. काथ्याची त्यातल्या त्यात गार. फक्त उठल्यावर पाठ बघितली तर कुणीतरी वेताच्या छडीनं बडवल्यासारखी दिसते. शेजारच्या पिंजाऱ्याला मी एकदा विचारलं होतं, की गरम अंगाच्या माणसानं कसली गादी घ्यावी? तो म्हणाला, माणूसच गरम असेल तर गादी बिचारी काय करणार! त्याला शास्त्र कळत नाही म्हणून मी सोडून दिलं.

तर या शास्त्राची खरी परीक्षा आली ती माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या लग्नात. आमच्याच खात्यातला ज्योतीराम तिला बघून गेला होता. त्याला ती पसंत, तिला तो पसंत. कधी न गुणगुणणारी सुमन भांडी घासताना गुणगुणायला लागली होती, म्हणजे बघा. अडलं होतं ते ज्योतीरामच्या वडिलांच्या होकारावर.

रंगरावआबा चाकणजवळचे बागायतदार. सगळे त्यांना आबाच म्हणत. माणूस सोन्यासारखा, पण प्रकृती अतिशय उष्ण. पौषातसुद्धा उघड्या अंगानं ओसरीवर झोपणार. जेवणानंतर दोन तास झोप हवीच, आणि ती मोडली की उरलेला दिवस ते प्रत्येक गोष्टीला ‘न्हाई’ म्हणत. ज्योतीरामची दोन स्थळं अशीच मोडली होती. दापोडीच्या लोकांनी तर कौतुकानं नवी कोरी कापसाची गादी घातली. आबा तासाभरात घामानं निथळत उठले, वहाणा घातल्या आणि म्हणाले, ‘‘पोरगी ब्येस हाय, पर घर गरम हाय.’’ संपलं!

आता रविवारी ते आमच्याकडे जेवायला येणार होते. झोप चांगली झाली तर चारला सुपारी फुटणार, नाही तर सुमनचं गुणगुणणं बंद.

माझी बायको कौशल्या म्हणाली, ‘‘अहो, फरशीवर ओलं फडकं फिरवू आणि चटई टाकू. गार लागेल.’’

होणाऱ्या व्याह्याला चटईवर झोपवायचं? मी तिला बायकांना यातलं काही कळत नसतं असं सांगितलं आणि तडक खडकीचा बाजार गाठला. तिथे लष्कराच्या लिलावातला माल येतो. तिथे मला ती दिसली! हिरव्या रबराची, तोंडानं फुगवायची, साहेब लोकांची गादी. मोहरीएवढं एक भोक होतं, पण फिटरला भोकाचं काय भय? सायकलच्या ट्यूबला लावतात तसं ठिगळ मी स्वतःच्या हातानं लावलं.

घरी आणून फुगवली. फुगवता फुगवता माझेच डोळे बाहेर आले. मग पत्र्याखाली टाकून झोपून बघितलं, तर पंधरा मिनिटांत तव्यावरच्या भाकरीसारखा भाजून निघालो. हवा तापते हो! आणि त्याच क्षणी कोपऱ्यातल्या माठाकडे माझी नजर गेली. हवा तापते. पाणी तापत नाही. मग या गादीत हवा कशाला?

रविवारी पहाटे विहिरीच्या गार पाण्याच्या सात बादल्या मी नरसाळ्यानं त्या गादीत ओतल्या. कौशल्या बादल्या आणून देत होती आणि दर बादलीला कोपऱ्यातल्या चटईकडे बघत होती. तिचं हे बघणं मला नेहमीच बोलण्यापेक्षा जास्त लागतं. वर सोलापुरी चादर घातली, सुमननं भरतकाम केलेला अभ्रा उशीला चढवला. हात टेकवून पाहिला. काय तो गारवा! मी आनंदानं नाचायचाच राहिलो होतो.

आबा साडेअकराला नाशिक फाट्यावर एसटीतून उतरले. पुरणपोळ्या सात, आमरस पाच वाट्या आणि वर दोन तांबे ताक! माझ्या आईनं, अंबुबाईनं, आग्रह करकरून वाढलं. मग मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. ते गादीवर टेकले आणि गादी डुलली.

‘‘आरं तिच्या! ही हालतीय.’’

‘‘लष्करातली आहे आबा. आत हवा असते,’’ मी म्हणालो. पाणी आहे म्हणून सांगितलं असतं तर ते झोपलेच नसते.

आबा आडवे झाले. चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला माझाच अभिमान वाटला. ‘‘गार हाय राव,’’ एवढंच ते म्हणाले. कुशीवर वळताना आतलं पाणी गुडगुडलं, तेव्हा त्यांनी आपल्याच पोटावरून हात फिरवला आणि ताक जरा जास्त झालं असं पुटपुटत डोळे मिटले. दोन मिनिटांत घोरायला लागले. काय ते घोरणं! बाहेर पायरीवर बसून मी ते ऐकत होतो. आईनं तबकात सुपारी, नारळ, हळदकुंकू मांडलं. पावणेचारला ज्योतीराम आला. सुमन स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून एकच पातेलं पुसत होती.

चारला घोरणं थांबलं. सगळे सावरून बसलो. आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. ज्योतीरामचा चेहरा उतरला. झोप मोडली असेल, आबा चिडले की असेच गप्प होतात, असं तो हळूच म्हणाला. दारामागचं पातेलं पुसायचं थांबलं. शेवटी कडी निघाली आणि फटीतून आवाज आला, ‘‘हिंदुराव, तुमी येकलेच या.’’

मी आत गेलो. आबा सोलापुरी चादरीचं कोरडं टोक कमरेला गुंडाळून भिंतीला टेकून उभे होते. धोतर खाली पडलं होतं, ओलंचिंब. मी गादीकडे पाहिलं. ठिगळ सुटलं होतं! नेमकं आबांच्या कमरेखालचं! गादीच्या मधोमध पाण्याचं चांगलं थारोळं साचलं होतं.

मी हात जोडले. ‘‘आबा, चूक माझी आहे.’’

‘‘तुमची कशी? दोन तांबे ताक म्या प्यालो.’’

मला आधी कळेचना. मग त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा कळलं. मंडळी, साठीतला तो धिप्पाड माणूस लहान पोरासारखा मान खाली घालून उभा होता. त्यांना वाटत होतं, हे त्यांचंच झालं! म्हणाले, ‘‘जलमात असं झालं न्हाई. आता या घरात कंच्या तोंडानं सोयरीक करू? मागल्या दारानं मला वाटंला लावा. ज्योतीला सांगा, हे स्थळ ऱ्हाऊ द्या.’’

मला फार वाईट वाटलं. खरं सांगून टाकायचं ठरवलं. ‘‘आबा, तुमचं काही नाही. या गादीत पाणी होतं. मीच भरलं.’’

आबांनी माझा हात घट्ट धरला. ‘‘किती मोठ्या मनाचं हायसा! माझी लाज राखाया खोटं बोलतायसा. दुपारी तर म्हनला हवा हाय. आन गादीत पानी भरायला मानूस काय खुळा हाय? असल्या खुळ्याच्या घरची पोरगी म्या केली तरी असती का?’’

आता आली का पंचाईत! खरं पटवून दिलं तर मी खुळा ठरतो आणि स्थळ मोडतं. गप्प बसलो तर हे मागल्या दारानं जातात आणि तरी मोडतं. दाराबाहेर सुमन उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘आबा, त्यात लाजायचं काय? मलाही होतं.’’

‘‘तुमालाबी?’’

‘‘अधूनमधून,’’ मी म्हणालो.

आबांच्या अंगावरचं केवढं ओझं उतरलं! त्यांनी मला मिठीच मारली. मी माझं धुतलेलं धोतर त्यांना दिलं, बाहेर येऊन तांब्या लवंडला म्हणून सांगितलं, आणि आबांनी बसल्या बसल्या सुपारी फोडायला लावली. देण्याघेण्याचा विषयही काढू दिला नाही. असं मोठ्या मनाचं घर शोधून सापडायचं नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. कौशल्या आत जाऊन ठिगळ सुटलेली गादी बघून आली आणि पदरात तोंड खुपसून स्वयंपाकघरात पळाली.

लग्न वैशाखात झालं. सुमन सुखात आहे. आबा वैद्याचा काढा घेतात आणि त्यानं शंभर टक्के गुण आला असं मला दर भेटीत सांगतात. येणारच! नसलेलं दुखणं बरं व्हायला किती वेळ? पण स्वतःला गुण आल्यावर त्यांना माझी आठवण झाली. दर महिन्याला ज्योतीराम खात्यात माझ्या हातावर एक बाटली ठेवतो आणि दुसरीकडे बघत म्हणतो, ‘‘आबांनी दिलीय. तुमच्या त्याच्यासाठी.’’ कडू जहर आहे. मी ओतून देणार होतो, पण कौशल्या रोज संध्याकाळी वाटीत काढून समोर धरते. म्हणते, ‘‘खरं सांगायला जा, नाही तर प्या.’’

आणि गेल्या चैत्रात सुमन माहेरपणाला आली, ती सासऱ्यांनी मुद्दाम पुण्याहून आणलेली भेट घेऊन. मेणकापड! चांगलं जाड, पलंगभर, पाठीला वारा म्हणून लागू न देणारं. मी त्यावरच झोपतो की नाही हे तिनं बघून जायचं आणि आबांना सांगायचं आहे.

गादीतलं मला आजही सगळं कळतं. तुमचं अंग गरम असेल, पत्र्याची खोली असेल, तर खुशाल सल्ला विचारायला या. फक्त दुपारी येऊ नका. दुपारी मी मेणकापडावर झोपलेला असतो, आणि उठतो तेव्हा खरोखरच ओलाचिंब असतो.