लोटनने न घेतलेलं साडीगार्ड

"आधी ते साडीगार्ड घ्या," प्रमिलाबाईने नवऱ्याला पुन्हा सांगून पाहिलं.

जळगावच्या युसूफभाईंच्या दुकानात कोरी मोटारसायकल उभी होती. क्रोमचा पुढचा गार्ड, क्रोमचे दोन आरसे, दिव्यावरची क्रोमची टोपी, सगळं लोटनने पसंत केलं होतं. मागच्या चाकाजवळची जाळी मात्र त्याला बघवेना.

"बायकी दिसतं ते. मोटारसायकल शे, पाळणा नही."

"आखाजीला मागे कोण बसणार शे? मी का तुमचे आरसे?"

"लोटनभाऊ, वहिनी बरोबर बोलतात," युसूफभाई हसले. "आरशाला काय साडी नसते."

लोटनने ऐकलं नाही. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रमिलाबाईला माहेरी न्यायला तिचा भाऊ निंबा मुऱ्हाळी म्हणून असोद्याला यायचा. तिघं एसटीने धरणगावला उतरली, की सासरे सुकदेवआबा दारातच विचारायचे, "जावईबापू, तुमची गाडी कधी?" यंदा लोटनने ऐटीत निरोप धाडला होता, "मुऱ्हाळी नको. आमच्या गाडीवर येतो." आता सासरवाडीचे डोळे दिपले पाहिजेत, एवढंच त्याच्या मनात होतं.

आखाजीच्या सकाळी प्रमिलाबाईने नवी साडी गौराईपुढे ठेवली, हात जोडले आणि मग नेसली. रस्ताभर तिने पदर मुठीत धरला होता. धरणगावच्या फाट्याआधी लोटनने केस सारखे करायला गाडी हळू केली. एका आरशात भांग पाहिला, दुसऱ्यात मिशी. तेवढ्यात वारा सुटला. पदर मुठीतून सुटून चाकात गेला आणि गाडी जागीच थांबली.

ओढावं तसा पदर आणखी आवळत होता. चाक पुढे जाईना, मागेही येईना.

"कापू का थोडा?" लोटनने हळूच विचारलं.

"गौराईला दाखवलेली साडी शे. हात लावून पाहा!"

पदराला बांधल्यासारखी प्रमिलाबाई चाकाशी वाकून उभी राहिली. लोटनला भर उन्हात घाम फुटला. तेवढ्यात घुंगरं वाजली. समोरून निंबा बैलगाडी घेऊन आला, सोबत दोन गडी.

"आबा म्हणे, मुऱ्हाळी नको म्हणतात पण बरं दिसत नही, फाट्यालोंग तरी जा. आक्का, काय व्हयनं?"

आक्काने चाकाकडे बोट दाखवलं. निंबाने हसू मिशीत दाबलं. सगळ्यांनी मिळून मोटारसायकल बैलगाडीत चढवली. शेजारी पदराला धरून प्रमिलाबाई बसली. लोटन मागून चालत निघाला. उन्हात क्रोम असं चमकत होतं, की आखाजीचे झोके सोडून बायका धावत आल्या, पारावरचे पत्त्यांचे डाव थांबले. लोटन मान खाली घालून चालत होता.

दारात आबा उभे होते. त्यांनी आधी पदराकडे पाहिलं, मग जावयाच्या चेहऱ्याकडे.

"जावईबापू, गाडी बैलांवर?" गर्दीतून गावातला कौतिक ओरडला.

"मग?" आबांनी आवाज चढवला. "नवी गाडी शे! सासऱ्याच्या दारात पूजा होईपर्यंत गावच्या मातीले चाक टेकाडतंस का कोणी? रीत शे ती! आन व हयद-कुकू!"

सासूने बैलगाडीतच पूजा केली, नारळ फुटला. मग गोडं तेल सोडून चाक उलटं फिरवलं, तर पदर अलगद बाहेर आला. काळा झाला होता, पण अख्खा होता.

परतताना लोटन थेट युसूफभाईंच्या दुकानात शिरला. त्यांनी लगेच जाळी काढून दिली. कागदात बांधून ठेवलीच होती.

पुढच्या आखाजीला धरणगावात आणखी दोन जावई नव्या मोटारसायकली घेऊन आले. दोघेही बैलगाडीतून.