आकड्यात पहिला

गेल्या सोमवारी सकाळी दहा वाजता पिंपरीच्या आमच्या कामगार वस्तीतल्या शाळा समितीनं खंडूनाना काळभोर यांच्यावर अन्याय केला. कवायत मास्तरच्या जागेसाठी त्यांनी दिलेला अर्ज 'जुगारी इसम' असा शेरा मारून फेटाळला. नानांनी आयुष्यात पत्त्यांना हात लावलेला नाही.

हा सडसडीत, पन्नाशीला टेकलेला माणूस कारखान्याच्या फाटकासमोर भर रस्त्यात पालथा पडलेला दिसला, तर घाबरू नका. कुणाची तरी सायकल चिखलातून वळून गेलेली असते आणि नाना एक डोळा मिटून तिची रेघ तपासत असतात. सायकलवाला भेटलाच तर निकालही देतात, "वळताना अंग टाकलंस, भावा. धा पैकी चार."

नानांची उमेदीची वर्षं शिमल्यात गेली. इंग्रजांच्या राज्यात ते थंडीत मैदानावर पाणी सोडून बर्फ जमवायच्या कामाला होते. साहेब लोक पात्याचे बूट घालून त्यावर घसरत. नाना पहाटे, कुणी यायच्या आत, एका साहेबानं टाकून दिलेले बूट बांधून शिकले. एका पायावर, एका दमात इंग्रजी आठ काढायचा आणि पुन्हा त्याच रेघेवरून जायचं. रेघ दुहेरी दिसली की गुण कापले. पंच माणसाकडे बघत नाहीत, वाकून रेघ बघतात. मला हा खेळ पटला तो त्यामुळेच. रेघेला कातडी नसते. पण साहेब होते तोवर नानांना स्पर्धेत पाय ठेवू दिला नाही. ते गेल्यावर नाना चाळिशीत उतरले आणि दोन हिवाळे पहिले आले. तिसऱ्या हिवाळ्यात गुडघा गेला. नाना आपल्या गावी आकुर्डीला परतले, इथल्या कारखान्याच्या गोदामात लागले. अजूनही पाठीवर पोतं घेऊन कोपऱ्यावर एका टाचेवर गर्रकन फिरतात. मुकादम ओरडून दमला.

त्यांचं प्रशस्तिपत्र इंग्रजीत होतं. अर्जासाठी भाषांतर मी केलं. खेळाच्या नावात 'फिगर' होतं, म्हणजे बर्फावर काढलेली आकृती; मी बिनदिक्कत लिहिलं, 'आकड्यात सलग दोन वर्षं पहिला.' रोज पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं की वस्तीत आकडा म्हणजे एकच, कापसाच्या भावावर लावतात तो जुगार. चूक माझी. पण समितीला नानांना बोलावून एक प्रश्न विचारता येत नव्हता?

तोंड पाडून मी नानांना सांगायला गेलो. ते खूप हसले. दोन वर्षं सलग आकडा लागला असता तर पोती कशाला उचलली असती, म्हणाले. मी विचारलं, गोदामाची नोकरी आहेच, मग ही मास्तरकी हवी कशाला?

"बर्फावरची रेघ उन्हं आली की जाती," ते म्हणाले. "माजी एक बी ऱ्हायली न्हाई. मागं बी कुनी न्हाई. म्हनलं, चार पोरींना एका पायावर नीट हुबं ऱ्हायला शिकवावं. त्यांच्या अंगात तरी ऱ्हाईल."

समितीची बैठक येत्या रविवारी सकाळी नऊला शाळेत आहे. माझी चूक मी उभा राहून कबूल करीन, पण एकट्याच्या कबुलीनं शेरा पुसला जाणार नाही. तुमचं मूल या शाळेत असेल तर या, आणि अध्यक्षांनी तो शेरा स्वतःच्या हातानं खोडल्याशिवाय त्यांना खुर्चीवरून उठू देऊ नका.