मास्तरांची घोसाळी

हिवताप उतरला तरी दमयंतीच्या तोंडाला चव येईना. दोन घास खाल्ले की ती ताट सरकवायची. वैद्य म्हणाले, "औषध पुरे. आता घरची ताजी, हलकी भाजी पोटात जाऊ दे. घोसाळी उत्तम."

लढाईचे दिवस होते. श्रीगोंद्याच्या बाजारात ताजी भाजी मिळाली तर मिळाली. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, शाळेतल्या माधव मास्तरांनी, परसात स्वतःच आळी केली, बिया टोचल्या आणि मांडव घातला. वेल धरेपर्यंत दमयंती पेजेवर कशीबशी तगली. पहिली घोसाळी हाती आली, तेव्हा जन्मात चहासुद्धा न केलेले मास्तर चुलीपुढे बसले. फोडणीत हात भाजला, पण दाण्याचं कूट घालून भाजी झाली.

"कशी झालीय?"

दमयंतीला लहानपणापासून घोसाळ्याचा वासही सोसत नसे. तिनं मास्तरांच्या बोटावरच्या फोडाकडे पाहिलं. "छान झालीय हो," ती म्हणाली.

तिथंच चुकलं. दुसऱ्या दिवसापासून मास्तर रोज शाळेला जाण्याआधी भाजी करून झाकून ठेवू लागले. ते गेले की दमयंती त्यांच्यापुरती रात्रीसाठी काढून ठेवायची आणि बाकीची कुंपणावरून शेजारच्या रंगुबाईला द्यायची. रंगुबाई रिकामं पातेलं कधी परत करायची नाही. त्यात कधी घट्ट दही यायचं, कधी गरम भाकरी आणि ठेचा. ते मात्र दमयंतीला गोड लागायचं. महिन्याभरात तिच्या गालांवर तजेला आला, दोन्ही हातांतल्या बांगड्या घट्ट झाल्या.

मास्तरांना वाटलं, घोसाळ्यांचा गुण! त्यांनी आणखी दोन वेल लावले. शाळेत मुलांना, वाटेत पोस्टमनला, जो भेटेल त्याला ते घोसाळ्यांचं महत्त्व सांगू लागले. शेवटी हेडमास्तर आप्पासाहेब कंटाळून म्हणाले, "अहो, एकदा खाऊ तरी घाला!"

रविवारी आप्पासाहेब जेवायला आले. मास्तरांनी मोठं पातेलंभर भाजी केली होती. दमयंती जीव मुठीत धरून वाढत होती. पानं वाढून होताहेत तोच मागच्या दारातून हाक आली.

"बाई, आज घोसाळी न्हाई व्हय? म्हस खोळंबलीया!"

मास्तरांचा घास हातातच राहिला. "म्हैस?"

"आमच्यात कुनी खात न्हाई, गुर्जी. पर आमची म्हस लई चवीनं खाती. दान्याचं कूट असतंय ना! दूध बी वाढलं तिचं. तेच तर दही लावून बाईंना देते रोज." एवढं बोलून रंगुबाईला आतले पाहुणे दिसले. तिनं पदर ओढून घेतला.

मास्तर दमयंतीकडे वळले. "म्हणजे तू एक दिवसही..."

"पहिल्या दिवशी खाल्ली," ती अगदी हळू म्हणाली. "तुमचा हात भाजला होता. कसं सांगणार?"

मास्तरांनी हातातला घास पानात ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. मग खाली मान घालूनच ते म्हणाले, "मलाही आवडत नाहीत."

"काय?"

"घशाखाली उतरत नाहीत. तू एवढ्या हौसेनं खातेस, म्हणून मी रोज रात्री गिळत होतो."

"अगबाई! आणि मी तुम्हाला आग्रह करकरून वाढत होते!" दमयंतीनं पटकन त्यांच्या पानातली भाजी काढून घेतली. काढता काढता तिचा हात क्षणभर त्यांच्या बोटांवर थांबला.

या सगळ्या गोंधळात आप्पासाहेबांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी पान स्वच्छ पुसून घेतलं होतं. आता ते पातेलं जवळ ओढत होते.

"माधवराव, भाजी फर्मास झालीय हो. कुणाला नको असेल तर मी आणखी घेतो."

दारातून रंगुबाई कळवळून म्हणाली, "सायेब, म्हशीला ठेवा थोडी!"

दमयंतीला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून, भिंतीचा आधार घेऊन ती हसत सुटली. आजारपणानंतर घरात हा आवाज पहिल्यांदाच आला होता. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हात धुतला आणि परसात जाऊन, चाचपून बघत, म्हशीसाठी कोवळी कोवळी घोसाळी तोडू लागले.