कोरड्या डोळ्यांचं पाणी

थंडी वाढली तसं मी ऑफिसातलं माझं टेबल सरकवून थेट हीटरसमोर नेलं. डोकं वापरून मी जी मोजकी कामं केली, त्यांतलं हे एक. (बाकीचीही अशीच अंगाशी आली.)

दोन-चार दिवसांत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. बाहेर वाऱ्यात तर धाराच लागायच्या. मग फायलीसमोर बसल्या बसल्याही गालांवर ओघळ यायला लागले.

साहेबांनी पाहिलं. आदल्याच दिवशी त्यांनी माझी रजा नाकारली होती.

"एवढं मनाला लावून घेऊ नका हो," ते दबक्या आवाजात म्हणाले. "घ्या रजा."

"साहेब, ते डोळ्यांचं..."

"दिसतंय मला. जा घरी."

रजा मिळाली, पण आता मला डोळ्यांचीच धास्ती बसली. आमच्या काकांची नजर गेली, तीही थंडीतच. (काका तेव्हा नव्वदीला टेकले होते, पण घाबरलेल्या माणसाला हे कुठलं आठवायला?)

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, दिसतंय तोवर हिला डोळे भरून पाहून घ्यावं. एकटक बघत बसलो. डोळे खरोखरच भरले.

"काय झालं? नोकरी गेली का?"

"नाही गं. तुझ्याकडे बघतोय."

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नाहीत," ती हळूच म्हणाली. आता हिला काय सांगू, की मी आंधळा होणार आहे? त्या दिवशी तिनं मला भांडीही घासू दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर तपासायचं निमित्त करून निघालो, तर तीही सोबत आली. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं.

"डोळे कोरडे पडलेत."

"कोरडे? रुमाल पिळून दाखवू का?"

"कोरडे पडले की चुरचुरतात, म्हणून पाणी सुटतं. हीटरपासून लांब बसा, पापण्यांची उघडझाप करत जा, वाऱ्यात चष्मा लावा. नजर उत्तम आहे."

मला डॉक्टरांना मिठी मारावीशी वाटली.

"म्हणजे काल घरी आलं ते?" बायकोनं विचारलं.

"एकटक बघत बसले असतील कशाकडे तरी," डॉक्टर म्हणाले. "त्यानंही येतं."

रस्त्यावर ती झपाझप पुढे निघाली. मी धापा टाकत तिला गाठलं. "अगं, काल नुसते डोळे नव्हते, मनापासून..." तेवढ्यात समोरून गार वारा आला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"चष्मा लावा," ती म्हणाली.